तो चहा कोणी केला?

या पुस्तकाला प्रस्तावना कोणाची घ्यायची, यावर आमच्या घरी वांगी भाजून, सोलून, त्यांचं भरीत होईपर्यंत चर्चा झाली. यांचं म्हणणं, तालुक्यातल्या एखाद्या वजनदार माणसाकडे जावं. मग प्रकाशनाला मंडप आणि खुर्च्या आपोआप येतात. मुलीचं म्हणणं, तिच्या मराठीच्या मॅडमचं अक्षर फार सुंदर आहे. मुलानं विचारलं, प्रस्तावना कोणी वाचतं का? सासूबाई लसूण सोलत होत्या. प्रस्तावना म्हणजे काय असतं, हे त्यांनी समजून घेतलं. मी सांगितलं, पुस्तकाच्या आधी एक मोठा माणूस लिहितो, की आतलं सगळं चांगलं आहे. त्या म्हणाल्या, "भाकर तू थापशी, आनि फुगनी म्हनीसन दुसरा सांगी?"

वाद मिटला. भरितात लसूण मात्र त्या दिवशी फार पडला.

तेव्हा ही प्रस्तावना माझी मीच लिहिते आहे. खानदेशात याच्या उलट एक मोठं उदाहरण आहे, ते मला ठाऊक आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. जन्म १८८० चा. शाळा पाहिली नाही, तिशीत वैधव्य आलं, पदरात तीन लेकरं, शिवाय शेत, जातं, चूल. हात कामात आणि ओठांवर गाणं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जमेल तसं ते कागदावर उतरवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ते कागद आचार्य अत्र्यांपुढे आले आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. एवढ्या मोठ्या माणसाची प्रस्तावना जिला लाभली, तिनं ती पाहिली नाही. आणि पाहिली असती तरी तिला ती वाचता आली नसती. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठालाही तिचं नाव आहे. मी स्वतःला तिच्याशेजारी उभं करते आहे असं कोणी समजू नये. दोन बाबतींत माझं नशीब तिच्यापेक्षा बरं: मला लिहिता येतं आणि मी अजून जिवंत आहे. तिसरी बाब प्रतिभेची. तिथं गप्प बसणं चांगलं.

आधी मी कुठून लिहिते ते सांगते. नरडाणा म्हटलं की बाहेरच्यांना तीनच गोष्टी ठाऊक असतात: आग्रा रोड, एमआयडीसी आणि सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन. तिन्हींचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात येतो. रोडवरून रात्रभर ट्रक जातात, एमआयडीसीत यांची पाळी दर आठवड्याला बदलते, आणि मालगाडी नेमकी मुलाच्या पाढ्यांच्या वेळी भोंगा वाजवते. आता मनमाड-इंदूर रेल्वेही नरडाण्यावरूनच जायची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला केंद्र सरकारनं मंजुरी दिली, तेव्हा गावात जमिनीच्या भावाची चर्चा सुरू झाली. सासूबाईंना एकच काळजी, पाहुणे किती वाढतील.

मी शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरातून निघायच्या आत दोन मुलांचे दोन डबे, यांचा एक डबा, माझा एक आणि सासूबाईंचं दुपारचं झाकून ठेवायचं, असा हिशेब. यांची रात्रपाळी असेल तर डबा संध्याकाळी, म्हणजे सकाळी एक कमी. पण मग हे दिवसा झोपतात आणि घरात कुकरलासुद्धा हळू शिट्टी मारावी लागते. या पुस्तकातले बहुतेक लेख कुकरच्या शिट्ट्यांमधल्या वेळात लिहिले आहेत. तुरीच्या डाळीला आमच्याकडे चार शिट्ट्या लागतात. चार शिट्ट्यांत माझं एक पान होतं. हरभरे असले तर दोन. वाचकाला एखादा लेख मध्येच तुटल्यासारखा वाटला, तर त्या दिवशी मुगाची डाळ होती असं समजावं.

कागदाचंही तसंच. किराणा यादीच्या मागची बाजू, जुन्या हजेरीपटाची कोरी पानं, एकदा तर मुलाच्या चित्रकलेच्या वहीत हत्तीच्या पोटात. पुढे मुलीनं मोबाइलवर बोलून लिहायची युक्ती शिकवली. मी बोलायची आणि तो लिहायचा. पण स्वयंपाकघरात आपण एका वेळी एकाच विषयावर थोडंच बोलतो! आखाजीवरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेवरच्या, लेखाच्या मधोमध "गॅस बारीक कर, आणि तुझे मोजे पलंगाखाली आहेत" असं वाक्य छापखान्यापर्यंत जाऊन आलं. ते मी काढलं. खरं तर लेखातलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. त्याच्या आदल्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत होते आणि गुरुजी ते उतरवून घेत होते. गुरुजी माझ्या माहेरचे. म्हणजे १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होते, आणि अमळनेरच्या प्रत्येक घराला ते आपलेच वाटतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात भक्तीच आहे. पण हे पुस्तक लिहिताना एक पापी विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला. आईवर पुस्तक लिहायला मुलाला पाच दिवस सलग मिळाले. आईला मुलांवर पुस्तक लिहायचं असेल तर पाच दिवस कुठं मिळतात? मला चार वर्षं लागली. मी एकदा यांना म्हणाले, मला पण कोणी पाच दिवस आत टाकेल का? दोन वेळचं आयतं मिळेल. हे म्हणाले, गुन्हा काय करशील? मी म्हणाले, एक दिवस डबे करणार नाही. मुलगा घाबरून म्हणाला, मम्मी, असं करू नको.

आता या पुस्तकाच्या मूळ विषयाकडे येते. तो माझ्या सासूबाईंनी दिलेला आहे.

सासूबाईंना सही येते, वाचता येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर बिबड्यांचा घाट घातला होता. ज्यांना बिबडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी भिजवून, सुकवून, भरडायची, ते पीठ तिखट-मीठ-तिळासकट उकळत्या पाण्यात शिजवायचं आणि तो चटका देणारा घाटा ओल्या फडक्यावर हातानं थापत गोल पसरायचा. उन्हात वाळला की झाला ज्वारीचा पापड. पोरं गरम घाट्यावर कच्चं तेल टाकून वाटी वाटी खातात, त्यामुळे निम्मा तिथंच संपतो. माझे बिबडे काही केल्या गोल होईनात. एक महाराष्ट्राच्या नकाशासारखा झाला, दुसरा गुजरातसारखा. शेजारच्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सासूबाईंनी मला उठवलं आणि म्हणाल्या, तू शिकेल शे ना, मंग वाच काहीतरी. म्हणजे आमच्या घरातलं वाचन माझ्या नालायकीतून सुरू झालं.

हाताशी होत्या त्या माझ्या वडिलांच्या पेटीतल्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. हजाराहून जास्त लिहिल्या त्या माणसानं. आमच्या पेटीत तीसेक असतील. मी झुंजारची एक गोष्ट सुरू केली. सावलीत बसून वाचायची, आणि चार जणी उन्हात थापत ऐकायच्या. पिस्तूल निघालं की हात थांबायचे, घाटा गार व्हायचा, मग सासूबाई ओरडायच्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या दोघी आपापला पोळपाट घेऊन आल्या, बिबड्यांसाठी नव्हे, झुंजारसाठी. तिसऱ्या दिवशी, पाठलाग अगदी रंगात आलेला असताना, सासूबाईंनी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला. "तो झुंजार जेवस कव्हय?"

मी पान मागे उलटून पाहिलं, पुढे पाहिलं. झुंजार जेवत नव्हता. तीन दिवस झाले, बिचारा उपाशी धावत होता.

त्यानंतर मी त्यांना वरच्या दर्जाचं काही ऐकवायचं ठरवलं. एक गंभीर कादंबरी आणली. नाव सांगत नाही, लेखक मोठे आहेत. नायक पावसात भिजून घरी येतो, खिडकीत बसतो, आयुष्याच्या निरर्थकतेवर दोन पानं विचार करतो आणि मग एक वाक्य येतं, की तेवढ्यात चहा आला. सासूबाई फुणक्यांची डाळ वाटत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"कठून उना?"

"काय?"

"च्या. कठून उना? तठे च्या कोन करस?"

मी सांगितलं, असेल घरातलं कोणी. आई, बायको, बहीण. "तिन्ह नाव लिखेल नही?" नव्हतं लिहिलेलं. सासूबाईंनी डाळ वाटायला पुन्हा सुरुवात केली आणि त्या कादंबरीवरचा त्यांचा अभिप्राय तिथंच संपला. माझं मात्र वाचन त्या दिवसापासून बिघडलं ते बिघडलंच. आता मी कोणतंही पुस्तक उघडते आणि नायकाचं दुःख सोडून कपबशीच्या मागे जाते. क्रांतिकारक रात्रभर चर्चा करतात. स्टोव्ह कोण पेटवतं? कवी चांदण्यात फिरून पहाटे परततो. दार उघडायला कोण उठतं? माणसं एकमेकांना सोडून जातात, पण सोडून जायच्या आधी पोहे खातात, आणि ते पोहे आधी कोणीतरी भिजवलेले असतात. आपल्या पुस्तकांत चहा देवाच्या प्रसादासारखा आपोआप येतो.

या कसोटीला काही पुस्तकं उतरली, हे सांगितलं पाहिजे. 'श्यामची आई' पहिल्या फटक्यात पास झाली. त्यातलं अळणी भाजीचं प्रकरण मी वाचत होते. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवून उठतात, आणि आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला कळतं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हाई खरं शे." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, की बाई शेवटी जेवते म्हणून तिला शेवटी कळतं, आधी जेवली असती तर आधीच मीठ टाकलं असतं. हे गुरुजींना सुचलं नसेल असं मी म्हणत नाही. पण मला तरी सुचलं नव्हतं, आणि हा धडा मी वर्गात कितीतरी वेळा शिकवलेला आहे. आमच्या घरी मीठ कमी पडलं तर तीन जण तीन खोल्यांतून जाहीर करतात. अत्र्यांनी 'श्यामची आई'वरच १९५३ मध्ये चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. म्हणजे एका वर्षी बहिणाबाईंची प्रस्तावना आणि पुढच्या वर्षी श्यामच्या आईचा चित्रपट. सासवडच्या या माणसानं खानदेशच्या खात्यावर बरंच पुण्य जमा केलं आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ला तर सासूबाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले. त्यात बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारे सोवळ्यातले वडील आहेत, घरात काही नसताना पाहुणे घेऊन येणारे टिळक आहेत, आणि त्या सगळ्याकडे हसून पाहणारी बाई आहे. लक्ष्मीबाईंना लग्नानंतर नवऱ्यानं अक्षरओळख करून दिली, हे मी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी माझ्या सासऱ्यांच्या फोटोकडे एकदा पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. फोटोला हार ताजा होता.

बहिणाबाई ऐकल्या तेव्हा आधी भाषेवरून खुसपट निघालं. आमच्या घरची बोली अहिराणी. बहिणाबाईंची लेवा गणबोली. "हाई आपलं नही, आसोदाकडलं शे," असं म्हणून त्यांनी कान टवकारले. पण चूल आली, जातं आलं, मोट आली आणि बोलीतला फरक विरघळून गेला. तिथं चहा कोण करतं हा प्रश्नच उद्भवत नव्हता. करणारीच गात होती.

नापास झालेल्यांत एक आश्चर्य आहे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', १९७० साली आलेली, महाराष्ट्रातल्या नव्या सुनांची पाठराखीण. मला ती लग्नात मिळाली. वाटी आणि चमचा या मापांनी त्या पुस्तकानं कित्येक मुलींना सासरी तारलं आहे, मला धरून. मी मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं, एक वाटी हे, अर्धी वाटी ते. सासूबाईंनी फळीवर ओळीनं लावलेल्या आमच्या सात आकारांच्या वाट्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "वाटी कोनी? तिनी का मन्ही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं माप मूठ आणि चिमूट. पण तेही हात त्यांचाच असेल तर. माझ्या मुठीनं कळण्याची भाकरी होत नाही, हे मी दहा वर्षं पाहते आहे. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद आणि दळतानाच मीठ, एवढं मी लिहून ठेवलं आहे. चक्कीवाल्यालाही पाठ आहे. तरी त्यांच्या हातची भाकरी पापुद्रा सोडते आणि माझी चिरते.

म्हणून या पुस्तकात पाककृती नाहीत. शेवभाजी कशी करावी हे शिकायला कोणी हे पुस्तक विकत घेतलं असेल, तर दुकानदाराकडून पैसे परत मागावेत. शेवभाजीवर एक लेख जरूर आहे, पण तो माझा मुलगा घरची शेवभाजी सोडून रोडवरच्या ढाब्याची का मागतो, या दुःखाबद्दल आहे. मी तोच काळा मसाला घालते, भाजीची तीच जाड तिखट शेव आणते, अगदी वाढायच्या क्षणी रश्शात सोडते. तरी तो म्हणतो, मम्मी, ट्रकचा आवाज पाहिजे. बट्टीवरही एक लेख आहे. गावात भंडारा असला की वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी करायला पुरुष पुढे असतात, मोठमोठ्या कढया, डोक्याला उपरणी, मोठा आवाज. बट्ट्या उकडतात, कापतात, तळतात, वाढतात, आणि सगळं गाव त्यांचं कौतुक करतं. वर्षातून दोनदा. लेखात मी या विषयावर फार संयमानं लिहिलं आहे, असं यांचं मत.

एक लेख कानबाईच्या रोटांवर आहे आणि तो माझ्या मुलीमुळे लिहिला गेला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा अशी रीत आहे. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. सुपाजवळ बसून मोजत होती. आजोबांच्या नावाची झाली, पप्पांची झाली, काकांची, भावाची झाली. मग तिनं विचारलं, माझी कोणती? घरात एकदम शांतता. मी काहीतरी शास्त्रीय सांगायच्या तयारीत होते. सासूबाईंनी आपली बंद मूठ तिच्यापुढे धरली. "नाव तेसनं. मूठ कोनी शे?"

मुलीचं यावर समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. त्या वर्षी मात्र रोट दरवर्षीपेक्षा जास्त झाले. ते भाऊबंदांतच, ठरल्या दिवसांत संपवावे लागतात, त्यामुळे गंगाफळाच्या भाजीबरोबर आम्ही सगळे शेवटपर्यंत खात बसलो. गहू कुठून वाढला, कोणी विचारलं नाही. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे, आणि सासूबाई चुलीकडे.

आखाजीचा लेख माहेरचा आहे, त्यामुळे तो लांबला आहे. आमरस, खापरावरच्या पोळ्या, निंबाला बांधलेले झोके, आणि गावभर पत्ते कुटणारे जावई. खापरावरची पोळी मला येत नाही हे तिथंच कबूल केलं आहे. हातावर झेलत झेलत ती कोपरापर्यंत मोठी करायची आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायची. माझी दरवेळी मनगटापाशीच फाटते. नरडाण्याहून अमळनेरला जायला मला पॅसेंजर आवडते, कारण तिच्यात मला कोणी काही मागत नाही. मुलं खिडकीत, पिशवी पायांत, पुस्तक हातात. बेटावद येईपर्यंत एक प्रकरण, अमळनेर येईपर्यंत दुसरं. गाडी सिग्नलला थांबली की डब्यातले सगळे चडफडतात आणि मी मनातल्या मनात स्टेशन मास्तरला आशीर्वाद देते.

अमळनेर हे तसं मजेशीर गाव आहे. प्रताप शेठजींनी तिथं तत्त्वज्ञान मंदिर काढलं, जिथं गुरुजीही येऊन राहिले होते; आणि १९४५ मध्ये त्याच गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, जिची पुढे विप्रो झाली. जगाचं मूळ काय, आणि पुऱ्या कशात तळायच्या, या दोन्ही प्रश्नांवर एकाच गावात काम चालू होतं. माझ्या आजीनं दुसऱ्या प्रश्नावर जन्म घालवला. १९५२ साली अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, मराठी भाषेचा उगम शोधणारे मोठे पंडित. आजीला त्यांचं नाव कधीच सांगता आलं नाही. तिच्या घरी त्या वेळी किती पाहुणे उतरले होते ते मात्र शेवटपर्यंत पाठ होतं: अकरा. त्यातले दोघे रात्री दूध घेत, एकाला कांदा चालत नव्हता, आणि एक गृहस्थ कवी असावेत, कारण ते जेवायला नेहमी उशिरा येत. मंडप तिच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर होता. तिनं संमेलन पाहिलं नाही. तिनं पोळ्या लाटल्या.

२०२४ च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावं संमेलन पुन्हा अमळनेरलाच भरलं, रवींद्र शोभणे अध्यक्ष होते. शेवटच्या दिवशी, ४ तारखेला, रविवार होता. यांची सुट्टी, माझी सुट्टी. मी जाहीर केलं की मी संमेलनाला जाणार आणि स्वयंपाक करून जाणार नाही. हे ऐकून घरात जी धावपळ झाली ती बघण्यासारखी होती. शेवटी सगळेच आले, सासूबाईंसकट, आणि बरोबर सासूबाईंनीच पहाटे उठून केलेल्या दशम्या, ठेचा आणि कांदे. म्हणजे स्वयंपाक झालाच. मी केला नाही इतकंच. ग्रंथदालनात मुलं एका बाजूला, हे पार्किंगच्या काळजीत, आणि मी पिशवी भरत होते. सासूबाई एका स्टॉलसमोर खुर्चीवर बसून होत्या. विक्रेत्यानं आदरानं विचारलं, आजी, काय दाखवू? त्यांनी समोरच्या ढिगाकडे हात केला आणि विचारलं, "यास्मा कोनी जेवस का?" तो तरुण मुलगा गोंधळला. मी लांबून पाहत होते. त्यानं जरा विचार केला आणि व्यक्तिचित्रांचं एक पुस्तक काढून त्यांच्या हातात ठेवलं. ते चांगलं निघालं. त्यातली माणसं दर पानाला जेवतात.

आपल्या मागे वाचणारी माणसं किती, याची चिंता मोठे लोक करतात. माझी चिंता लहान आहे. मुलगी वाचते, पण जेवताना वाचते आणि ताटात काय आहे ते तिला कळत नाही. त्या दिवशी तिनं भरितातल्या मिरचीचा देठ चावून गिळला. मुलगा पुस्तक वाचत नाही, पण पाकिटं वाचतो. बिस्किटाच्या पुड्यापासून खताच्या गोणीपर्यंत छापलेलं सगळं तो मोठ्यानं वाचतो, आणि घरात कशात किती मीठ आहे हे त्यालाच ठाऊक असतं. हे पेपर वाचतात. आधी शेवटचं पान, मग पहिलं, मधलं मी भाजी निवडायला घेतलेलं असतं.

सासूबाईंना मी हे पुस्तक लेखालेखानं वाचून दाखवलं. तीन ठिकाणी त्यांनी दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या. एका ठिकाणी त्यांनी "हाई काढी टाक" म्हटलं, ते काढलं नाही. ते कोणतं, ते शोधायचं काम जाऊबाईंचं. काल रात्री ही प्रस्तावना वाचून दाखवली. मी वर बहिणाबाई, गुरुजी, लक्ष्मीबाई अशी मोठी मोठी नावं घेतल्यामुळे जरा ताठ बसले होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी टेबलाकडे बोट केलं. माझ्या वहीशेजारी एक रिकामा कप होता. तळाशी चहाची पूड, म्हणजे न गाळलेला किंवा घाईनं गाळलेला.

"आनि तो च्या कोनी कया?"

मला आठवेना. मी लिहीत होते, कप आला, मी प्याले. हे म्हणाले, मीच केला, मघाशी पाळीवरून आलो तेव्हा. मुलगी म्हणाली, पप्पांनी फक्त आधण ठेवलं, साखर-पूड मी टाकली. मुलगा म्हणाला, आणून कोणी ठेवला? कोणाचं खरं ते ठरलं नाही. मी उठून मोरीपाशी गेले. पातेलं तिथंच होतं, दूध करपून तळाला लागलेलं. ते मी घासलं.